गुणाकाराच्या जागी बेरीज: कम्पायलरची काटकसर

प्रोग्रॅमरने लिहिलेला गुणाकार प्रोसेसरपर्यंत गुणाकार म्हणूनच पोचेल, असे नाही. सी किंवा सी++ मधला प्रोग्रॅम यंत्राच्या आज्ञांमध्ये उतरवताना कम्पायलर त्यातली प्रत्येक पदावली तपासतो आणि तेच उत्तर कमी वेळात मिळत असेल तर ती बदलून टाकतो. पूर्णांकांच्या बेरजा आणि गुणाकार हे या काटकसरीचे एक जुने क्षेत्र आहे. तिच्यामागच्या सिद्धान्ताचा एक महत्त्वाचा भाग मुंबईच्या उपनगरात, पवईच्या आयआयटीत घडला.

काटकसर का करावी लागते, हे आकड्यांवरून कळते. 1978 मध्ये आलेल्या इंटेल 8086 या प्रोसेसरला रजिस्टरमधल्या दोन संख्यांच्या बेरजेला घड्याळाचे 3 ठोके लागत. 16 बिटांच्या गुणाकाराला 118 ते 133 ठोके लागत. आजच्या इंटेल प्रोसेसरवर बेरीज 1 ठोक्यात होते, गुणाकार साधारण 3 ठोक्यांत. तफावत आटली आहे, पण हीच क्रिया अब्जावधी वेळा करायची असेल तर तीही जाणवते.

सर्वात सोपी बचत म्हणजे आकडेमोड आधीच उरकणे. दिवसाचे सेकंद काढण्यासाठी 24 × 60 × 60 असे लिहिले, तर कम्पायलर हा गुणाकार स्वतः करून थेट 86400 हा आकडा मांडतो. प्रोग्रॅम चालताना त्यासाठी काहीच करावे लागत नाही.

गुणकाचे तुकडे

एक संख्या स्थिर आणि दुसरी चल असेल, तर द्विमान पद्धत कामी येते. या पद्धतीत सगळे अंक एक घर डावीकडे सरकवले की संख्या दुप्पट होते. त्यामुळे क्ष × 8 साठी गुणाकार लागत नाही, तीन घरे सरकवणे पुरते. 24 ही संख्या 2 चा घात नाही, पण ती 3 × 8 आहे. इंटेलच्या 'एलईए' या आज्ञेने क्ष + 2क्ष ही बेरीज एका फटक्यात होते. मग उत्तर तीन घरे सरकवले की क्ष × 24 तयार. 10 साठी क्ष + 4क्ष काढून त्याची दुप्पट करतात. 15 साठी वजाबाकी सोयीची पडते: 16क्ष − क्ष.

ही रीत संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या 'लीलावती'त 135 × 12 हे उदाहरण अनेक रीतींनी सोडवलेले आहे. 12 चे 8 आणि 4 असे तुकडे करायचे, किंवा 3 आणि 4 असे अवयव पाडायचे, किंवा 12 ऐवजी 20 ने गुणून आठपट वजा करायची. उत्तर दरवेळी 1620 येते. तुकडे, अवयव आणि वजाबाकी या त्याच तीन वाटा आजचा कम्पायलरही चोखाळतो. जीसीसी या कम्पायलरमध्ये त्यासाठी 'सिंथ_मल्ट' नावाचे फंक्शन आहे. ते दिलेल्या गुणकाचे निरनिराळे तुकडे पाडून पाहते, प्रत्येक मार्गाचा खर्च मोजते आणि कोणताच मार्ग स्वस्त पडला नाही तर गुणाकार तसाच ठेवते.

लूपमधले लपलेले गुणाकार

खरी मोठी बचत लूपमध्ये होते. समजा, जुहूच्या किनाऱ्यावरील भरती-ओहोटीची पातळी दर तासाला नोंदवली आहे. वर्षाचे 365 दिवस आणि दिवसाच्या 24 नोंदी, म्हणजे एकूण 8760 आकडे, प्रत्येकी 4 बाइटचे. रोज सकाळी सहाच्या पातळीची बेरीज हवी आहे. प्रोग्रॅममध्ये फक्त 'पातळी[दिवस][6]' असे लिहिलेले असते, पण त्या नोंदीचा मेमरीतला पत्ता काढण्यासाठी सुरुवातीच्या पत्त्यात दिवस × 96 आणि वर 24 मिळवावे लागतात. एका दिवसाच्या नोंदी 96 बाइट व्यापतात, आणि सहा वाजताची नोंद 24 बाइट पुढे असते. प्रोग्रॅमरने न लिहिलेला हा गुणाकार 365 वेळा होतो.

कम्पायलरच्या लक्षात येते की दिवस दर फेरीला 1 ने वाढतो, म्हणजे पत्ता दर फेरीला बरोबर 96 ने वाढणार. तो पत्ता एकदाच काढतो आणि पुढे प्रत्येक फेरीत 96 मिळवत जातो. 365 गुणाकार गेले, त्यांच्या जागी बेरजा आल्या. या रूपांतराला स्ट्रेंग्थ रिडक्शन म्हणतात. जॉन कॉक आणि केन केनेडी यांनी 1977 मध्ये त्याचा नामांकित अल्गोरिदम मांडला.

त्या रीतीत आधी प्रोग्रॅममधले लूप हुडकावे लागत. लूपच्या आत न बदलणारी पदावली बाहेर काढणे हेही वेगळे काम असे. आयआयटी मुंबईतील डी. एम. धामधेरे यांनी एस. एम. जोशी यांच्यासह 1982 मध्ये अशी पदावली बाहेर काढणे आणि स्ट्रेंग्थ रिडक्शन ही दोन्ही कामे एकाच विश्लेषणात गुंफली. 1979 मध्ये मोरेल आणि रेनव्हॉइज यांनी अनावश्यक पुनरावृत्ती टाळण्याची जी पद्धत दिली होती, तिचा त्यांनी विस्तार केला. चलात ठरावीक आकडा मिळवल्याने आधी काढलेला गुणाकार वाया जात नाही. योग्य तेवढी भर घालून तो दुरुस्त करता येतो, हा त्यातला गाभा. पवईत ही परंपरा पुढेही चालू राहिली. उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचे 'डेटा फ्लो ॲनालिसिस' हे पुस्तक 2009 मध्ये आले.

बेरीज आणि उत्तराची शाश्वती

बेरजांचीही फेरमांडणी होते. अ + ब + क + ड ही बेरीज ओळीने केली तर प्रत्येक पायरीला मागच्या पायरीची वाट पाहावी लागते. (अ + ब) + (क + ड) अशी मांडली तर पहिल्या दोन बेरजा एकाच वेळी होतात आणि तीनऐवजी दोन ठोके पुरतात. एलएलव्हीएमवर आधारलेला क्लँग हा कम्पायलर त्याहून पुढे जातो. 0 ते न − 1 या संख्यांची बेरीज करणारा लूप तो काढूनच टाकतो आणि न(न − 1)/2 हे सूत्र बसवतो. एलएलव्हीएम हा प्रकल्प अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर आणि विक्रम अडवे यांनी उभा केला. अडवे हे आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी.

प्रत्येक बदलाला एकच अट असते: उत्तर तेच आले पाहिजे. 32 बिटांत 4,29,49,67,295 पर्यंतचीच संख्या मावते. पुढे गेल्यास 4,29,49,67,296 वजा होऊन मोजणी शून्याकडे वळते. 15 साठीच्या 16क्ष − क्ष या रीतीत क्ष = 28,00,00,000 घेतला तर 16क्ष मावत नाही आणि 18,50,32,704 उरतात. त्यातून क्ष वजा केल्यावर मोजणी शून्याखालून उलटी वळते आणि उत्तर येते 4,20,00,00,000, म्हणजे अचूक 15क्ष. मधली पायरी ओसंडली तरी शेवट चुकत नाही, म्हणूनच पूर्णांकांवर असे बदल निर्धास्त करता येतात. दशांश चिन्हाच्या संख्यांचे तसे नसते. तिथे प्रत्येक पायरीला उत्तर थोडे कापले जाते आणि बेरजेचा क्रम बदलला की उत्तरही बदलू शकते. त्यामुळे प्रोग्रॅमरने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय कम्पायलर सहसा तो क्रम बदलत नाही.

कोणता मार्ग स्वस्त, हे प्रोसेसरगणिक बदलते. 8086 वर पाच-सहा बेरजाही एका गुणाकारापेक्षा परवडत. आज दोन-तीन आज्ञांपलीकडे गेले की गुणाकारच बरा. म्हणून कम्पायलर प्रत्येक प्रोसेसरसाठी खर्चाचे वेगळे कोष्टक बाळगतो. प्रोग्रॅमरने क्ष × 24 हे साधे, वाचता येईल असे लिहावे. त्याचे तुकडे करायचे की नाही, याचा हिशेब ते कोष्टक हाताशी असलेला कम्पायलर अधिक नेमका मांडतो.