गर्भवतींची नियमित एचआयव्ही तपासणी आणि संमतीचा प्रश्न : धुळे जिल्ह्यातील सोनगीरच्या संदर्भात

प्रस्तावना :

धुळे शहराच्या उत्तरेस सुमारे २० कि.मी. अंतरावर, मुंबई-आग्रा महामार्गालगत वसलेले सोनगीर हे किल्ल्यासाठी आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी खानदेशात परिचित असलेले गाव आहे. एड्सविषयीच्या चर्चेत महामार्गावरील गावांचा उल्लेख दीर्घकाळ ट्रकचालकांच्या संदर्भात होत आला. प्रत्यक्षात अशा गावांत एचआयव्हीची सर्वांत पद्धतशीर तपासणी होते ती गरोदर स्त्रियांची. गरोदरपणाची नोंद झाली, की हिमोग्लोबिन, रक्तगट व लघवी यांच्या तपासणीबरोबर एचआयव्हीचीही तपासणी केली जाते. या तपासणीस 'नियमित' म्हटले जाते. नियमित म्हणजे सक्तीची नव्हे. परंतु हा भेद कागदावर जितका स्पष्ट असतो, तितका दवाखान्याच्या रांगेत राहत नाही.

तपासणीमागील वैद्यकीय भूमिका :

उपचार न मिळाल्यास बाधित मातेकडून बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. हा संसर्ग गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी किंवा स्तनपानातून होतो. योग्य वेळी औषधोपचार सुरू झाल्यास हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. १९९४ साली अमेरिका व फ्रान्समधील अभ्यासात झिडोव्हुडिन या औषधामुळे संसर्गाचे प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आल्याचे दिसले. १९९९ मध्ये युगांडातील अभ्यासाने नेव्हिरॅपिनचा स्वस्त व सोपा पर्याय पुढे आणला. भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने २००२ पासून राबविलेला कार्यक्रम याच औषधावर उभा होता. प्रसूतीकळा सुरू होताच मातेला एक गोळी व जन्मानंतर ७२ तासांच्या आत बाळाला एक मात्रा, असे त्याचे स्वरूप होते.

या पद्धतीत बाळाचा विचार होता; मातेचा फारसा नव्हता. एका गोळीने तिच्या स्वतःच्या आजारावर काहीही उपचार होत नव्हता. तपासणीचा लाभ बाळाला आणि तिचा सामाजिक भार मात्र मातेला, अशी ती विषम वाटणी होती. २०१४ पासून प्रत्येक बाधित गर्भवतीस आजन्म एआरटी उपचार देण्याचे धोरण लागू झाले आणि तपासणी खऱ्या अर्थाने तिच्याही हिताची ठरली. संमती मागताना स्त्रीला सांगण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. केवळ "बाळासाठी करावी लागते" एवढ्यावर ती उरकणे न्याय्य नाही.

पहिली कळलेली व्यक्ती :

कुटुंबात गरोदर स्त्रीची तपासणी बहुधा सर्वांच्या आधी होते. पतीची तपासणी झालेलीच नसते. त्यामुळे ज्या व्यक्तीचा संसर्ग आधी कळला, तिनेच तो घरात आणला, असा निष्कर्ष काढला जातो. तर्कदृष्ट्या तो चुकीचा आहे. तपासणीचा क्रम हा संसर्गाचा क्रम नव्हे. पती-पत्नींची तपासणी एकत्र करावी, असा आग्रह धरला जातो तो यासाठीच.

गुप्ततेचा प्रश्नही येथेच उद्भवतो. प्राथमिक पातळीवर बोटाच्या रक्ताच्या थेंबावर होणारी चाचणी अंतिम नसते. ती सकारात्मक आल्यास निदानाच्या खात्रीसाठी स्त्रीला एकात्मिक समुपदेशन व तपासणी केंद्रात पाठविले जाते. तेथे वेगवेगळ्या तीन चाचण्यांनंतरच निदान निश्चित होते. सोनगीरसारख्या गावातील सुनेला एकटीने धुळ्यास जाणे सहसा शक्य नसते. सोबत सासू किंवा नणंद असते आणि "पुन्हा का बोलावले?" हा प्रश्न अहवालाच्या आधी घरात पोहोचलेला असतो. अहवाल बंद पाकिटात दिला, म्हणून गुप्तता राखली गेली, असे मानणे हा भाबडेपणा होय.

यात माहेरच्या बाळंतपणाची भर पडते. पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते. सासरच्या गावी झालेली नोंद, सुरू झालेल्या गोळ्या आणि विश्वासातील समुपदेशक यांच्याशी तिचा संबंध नेमका त्याच वेळी तुटण्याचा धोका असतो. पहिल्या तपासणीच्या वेळीच "बाळंतपण कोठे होणार?" हे विचारून घेतल्यास तेथील केंद्राला तिच्या संमतीने पूर्वसूचना देता येते. बाळाला जन्मानंतर लगेच औषध मिळणे आणि सहा आठवड्यांनी त्याची तपासणी होणे, दोन्ही या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतात.

कायद्याची बाजू :

एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण अधिनियम २०१७ मध्ये मंजूर झाला व १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्यानुसार माहितीपूर्ण संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. तपासणीस नकार देणाऱ्या स्त्रीला प्रसूतिसेवा नाकारण्यास कोणताही आधार नाही. विशिष्ट परिस्थितीत जोडीदारास माहिती देण्याची मुभा हा कायदा डॉक्टर व समुपदेशकांना देतो. तथापि अशा माहितीमुळे मारहाण, परित्याग किंवा तिच्या वा मुलांच्या सुरक्षिततेस गंभीर बाधा होण्याची रास्त भीती असल्यास, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत, ती देऊ नये, असेही तो स्पष्टपणे बजावतो. ही तरतूद पदवी महाविद्यालयांतील आरोग्यविषयक व्याख्यानांत क्वचितच सांगितली जाते. तेथे बहुतेक वेळ संसर्गाच्या मार्गांची यादी सांगण्यातच जातो. वास्तविक वर्गात बसलेल्या विद्यार्थिनींपैकी अनेक जणी पुढील काही वर्षांत त्याच नोंदणीच्या रांगेत उभ्या असणार आहेत.