लेथपासून लाप्लासपर्यंत

आपल्या वर्गात दोन गट आहेत, हे सगळ्यांनाच माहीत आहे. बारावी-सीईटी करून आलेले आपण, आणि थेट दुसऱ्या वर्षाला आलेले ‘डिप्लोमावाले’. पण या डिप्लोमावाल्यांत आणखी एक छोटा गट लपलेला असतो. आधी आयटीआय, मग अप्रेंटिसशिप, मग डिप्लोमा आणि मग डिग्री! माझा लॅब-पार्टनर त्यातलाच. राहायला मानखुर्दच्या लल्लुभाई कंपाउंडमध्ये, ट्रेड टर्नर.

त्याचा हिशोब बघा. दहावीनंतर आयटीआयची दोन वर्षं, अप्रेंटिसशिपचं एक. आयटीआय केल्यामुळे डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश, म्हणून तिथे दोन. डिप्लोमामुळे डिग्रीलाही तसंच, म्हणून इथे तीन. एकूण आठ. आपली दहावीनंतरची बेरीज सहा! म्हणजे शिडी आहे, पण तिच्या पायऱ्या फार लांब लांब आहेत.

असं का? १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात कामाबरोबर थिअरी शिकवायची तरतूद आहे. त्या तासांचा वेळ पगारी कामातच धरायचा, असंही कायदा सांगतो. पण त्या थिअरीचा उद्देश कुशल कारागीर घडवणं एवढाच. पुढे विद्यापीठात जायची तयारी हा तिचा विषयच नाही. ब्रिटनमध्ये २०१५ पासून ‘डिग्री अप्रेंटिसशिप’ आहे, म्हणजे नोकरीचा पगारही चालू आणि विद्यापीठही चालू. आपल्याकडेही यूजीसीने २०२० मध्ये पदवीतच अप्रेंटिसशिप घालायला वाट करून दिली. पण ती पदवीला आलेल्यांसाठी. आधीच अप्रेंटिस असलेल्या मुलाला वर कोण आणणार?

थेट दुसऱ्या वर्षाला आलं की समोर उभा राहतो एम-थ्री. लाप्लास, फूरिए वगैरे मंडळी! आपण निदान एम-वन, एम-टूमधून रडतखडत आलेलो असतो. या मुलांना तेवढंही मिळत नाही. मग केटी, मग इयर डाऊन, आणि घरचे विचारतात, ‘चांगली नोकरी सोडून हे कशाला?’

गंमत म्हणजे गणित त्यांच्या हातात आधीच असतं. टर्नर टेपर कापतो तेव्हा काय करतो? समजा ५० मिमी लांबीत व्यास ४० वरून ३० वर आणायचाय. फरक १०, त्याला लांबीच्या दुपटीने म्हणजे १०० ने भागा, आलं ०.१. हा कोनाचा टॅन. टेबलात बघून कोन ५ अंश ४३ मिनिटं, तेवढी कंपाउंड स्लाइड फिरवायची. आता हेच कागदावर मांडा. बारीक टोकापासून x अंतरावर त्रिज्या y = १५ + ०.१x. तो ०.१ म्हणजेच डेरिव्हेटिव्ह! आणि टेपरचं घनफळ इंटिग्रेशनने काढून मूळ ४० च्या दांड्यातून वजा केलं, तर चिप्स किती पडल्या ते कळतं. साधारण १४.४ घन सेंमी, स्टील असेल तर ११३ ग्रॅम. हे दाखवल्यावर माझा पार्टनर म्हणाला, “अगं, हे तर मी रोज करायचो!”

दुसरी अडचण इंग्रजी पुस्तकांची. मी कॉन्व्हेंटची. मला परिच्छेद वाचताना अडखळायला होत नाही, यात माझी हुशारी काही नाही, शाळेची कृपा. तो मात्र मशीन बघून दोष सांगतो, आणि तोच दोष व्हायव्हात इंग्रजीत सांगताना गप्प होतो. मार्क मला जास्त पडतात!

म्हणून एप्रिलपासून आम्ही तिघंजण दर रविवारी मानखुर्दला दोन तास बसतो. पहिला तास गणिताचा, ट्रेडमधल्या उदाहरणापासून सुरू. दुसऱ्या तासात पुस्तकाचं एक पान मोठ्याने वाचायचं, आधी मराठीत समजावायचं, मग इंग्रजीत पाच ओळी लिहायच्या. सध्या सहा मुलं येतात. त्यातल्या एकाची अप्रेंटिसशिप संपतेय. कंत्राटदाराकडून नोकरी चालून आलीय, आणि डिप्लोमाचा फॉर्म दप्तरात पडून आहे. “पहिल्याच सेमला केटी लागली तर घरी काय सांगू?” हा त्याचा प्रश्न.

आमच्याकडे याचं उत्तर एकच आहे : फॉर्म भर, एम-थ्रीपर्यंत आम्ही आहोत. पण तिघांना सहा मुलं जड जातात, खासकरून ड्रॉइंग शिकवणारं कोणी नाही. हार्बर लाइनने येणाऱ्यांनो, रविवारी सकाळी दहा वाजता मानखुर्द स्टेशनवर भेटा. पट्टी-कंपास घेऊन या!