काचेच्या पडदाभिंतीतील सांधपट्टी : कार्य आणि मर्यादा

उंच इमारतींना वेढणारी काचेची पडदाभिंत मजल्यांचा भार वाहत नाही; ती मजल्यांच्या कडांना टांगलेली असते. तिच्यावर येतो तो मुख्यतः वाऱ्याचा जोर आणि पावसाचा मारा. विटांची जाड भिंत पावसाचे थोडे पाणी शोषून घेते व पुढे उन्हात वाळते. काच आणि धातू पाणी शोषत नसल्यामुळे अंगावर पडलेले सर्व पाणी वाहत सांध्यांपाशी येते. ते थोपविण्याचे काम काच व चौकट यांमध्ये दाबून बसविलेल्या अरुंद पट्टीला, म्हणजे गॅस्केटला, करावे लागते.

हा सांधा कधीही स्थिर नसतो. तापमानात ५० अंश सेल्सिअसचा फरक पडला असता ३ मीटर लांबीचा अॅल्युमिनियमचा दांडा सुमारे ३.५ मिलिमीटरने वाढतो. तेवढ्याच लांबीची काच मात्र सुमारे १.३ मिलिमीटरनेच वाढते. हा फरक पट्टीने प्रत्यही सोसावयाचा असतो. कालांतराने कठीण होणाऱ्या लांबीला ते साधत नाही.

न्यूयॉर्कमधील १९५२ साली पूर्ण झालेले लीव्हर हाऊस या दृष्टीने अभ्यसनीय आहे. गॉर्डन बन्शाफ्ट यांनी आखलेल्या या २४ मजली इमारतीच्या भिंतीवर बाहेरून स्टेनलेस पोलाद दिसत असले, तरी आतील आधारचौकट साध्या पोलादाची होती. सांध्यांतून शिरलेल्या पाण्याने ती गंजली. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे चौकट फुगून वाकली आणि काचा तडकू लागल्या.

त्याच दशकात ईरो सारिनेन यांच्या वॉरन, मिशिगन येथील जनरल मोटर्स तंत्रकेंद्रात मोटारीच्या पुढील काचेभोवतीच्या रबरी पट्टीची कल्पना इमारतीत आणली गेली. त्यासाठी निओप्रीन हे कृत्रिम रबर निवडण्यात आले. नैसर्गिक रबराच्या रेणुशृंखलेतील द्विबंधांवर ओझोन आघात करतो व रबराला भेगा पडतात. निओप्रीनमधील क्लोरीन त्या द्विबंधांची क्रियाशीलता कमी करतो. पुढे प्रचारात आलेल्या ईपीडीएम रबराच्या मुख्य शृंखलेत द्विबंधच नसल्यामुळे ते याहूनही टिकाऊ ठरते. तथापि दीर्घकाळ दाबात राहिलेले कोणतेही रबर हळूहळू आपली स्थितिस्थापकता गमावते. दाब ओसरला की फट पडते.

पाणी आत येण्यास पाणी, फट आणि प्रेरक बल या तिन्ही गोष्टी एकत्र याव्या लागतात. पाऊस टाळता येत नाही. कोणतीही फट कधीच पडणार नाही, अशी हमीही देता येत नाही. म्हणून कॅनडातील संशोधक जी. के. गार्डन यांनी १९६३ साली बलावर लक्ष केंद्रित केले. बाहेरील थरामागे पोकळी ठेवून ती बाहेरच्या हवेशी जोडली, तर दोन्हीकडील दाब जवळजवळ समान होतो आणि पाणी आत ढकलले जात नाही. जे थोडे शिरते ते खालच्या छिद्रांतून निचरते. हवा अडविणारी पट्टी आतील बाजूस, ऊन व पाऊस यांपासून दूर राहते. अशा रचनेत एक पट्टी निकामी झाली, तरी भिंत निकामी होत नाही.

लीव्हर हाऊसला १९८२ मध्ये संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. परंतु कायद्याने गंज थांबला नाही. शतकाच्या अखेरीस झालेल्या जीर्णोद्धारात जुनी भिंत काढून तशीच दिसणारी नवी बसवावी लागली. वास्तूचे रूप राहिले, मूळ द्रव्य गेले. पट्टीचे आयुष्य इमारतीच्या आयुष्याहून कमीच असणार. तेव्हा पाण्याच्या निचऱ्याची वाट आणि पट्टी बदलण्याची सोय या दोन्हींचा विचार मूळ आराखड्यातच होणे अगत्याचे आहे.