अळीच्या पेशीतले उडते तुकडे

मैत्रिणींनो, आपल्या जाम भागात कपाशीला बोंडं धरली की गुलाबी बोंडअळीची धास्ती लागते. बीटी कपाशी खाऊनही ती मरत का नाही, ते आज आपण पाहू.

प्रत्येक जिवाच्या पेशीत पिढीजात गुण ठरवणारी जनुकं असतात. त्यांच्या आजूबाजूला सारखेच तुकडे पुन्हापुन्हा आलेले असतात. एरवी ते निपचित पडून असतात. पण फळमाशीवरच्या काही प्रयोगांत दिसलं, की उष्णतेचा ताण पडला तर त्यातले काही जागे होतात आणि दुसऱ्या जागी जाऊन बसतात.

बहुतेक उड्या किड्याला बाधतात किंवा वाया जातात. एखादीच कामी येते. अमेरिकेतल्या तंबाखूवरच्या अळीत 2001 साली हेच सापडलं. बीटीचं विष आतड्यात जिथं चिकटतं, ती जागा घडवणाऱ्या जनुकातच असा तुकडा घुसला होता. आपल्या गुलाबी अळीतही त्याच जनुकात बिघाड आढळले. मात्र ते सगळे उडीनेच झाले असं नाही.

उडी आंधळी असते, निवड आपलं शेत करतं. एकच विष राहिलं, तर त्याला न जुमानणारीच अळी उरते. म्हणून फरदड घेऊ नका, डोमकळ्या तोडून नष्ट करा, पऱ्हाट्या जळणासाठी बांधावर रचू नका आणि तेच औषध पुन्हापुन्हा फवारू नका.