ठिणग्या मोजणारा काटा आणि गॅरेजातली ट्यूबलाइट

हुमनाबाद-बसवकल्याणकडच्या एखाद्या गॅरेजात जुनी प्रीमिअर पद्मिनी उभी आहे असं समजा. बॉनेट उघडं, इंजिन स्लोवर, आवाज मऊ आणि एकसारखा. मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे असावेत, हे मेस्त्रीच्या कानालाच कळतंय. आणि डॅशबोर्डवरचा आरपीएम मीटर दाखवतोय दोन हजार! कान खरा की काटा?

या मीटरचा जन्म गाडीबरोबर झालेला नाही, हे आधी सांगायला हवं. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमिअर कंपनीने मुंबईत कुर्ल्याला ही गाडी बनवली. १९६४ मध्ये ती फियाट डिलाइट म्हणून आली आणि १९७४ पासून पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं साधं इंजिन. त्याचे फेरे दाखवणारा मीटर कारखान्यातून येत नसे. हौशी मालक तो मागाहून बसवून घेतात. घोटाळ्याची सुरुवात बहुतेकदा इथेच होते.

कारण या मीटरला इंजिन दिसतच नाही! त्याची एक तार इग्निशन कॉइलला जोडलेली असते. त्याला कळतात फक्त ठिणग्या. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी लागते. सिलिंडर चार, म्हणजे एका फेऱ्याला दोन ठिणग्या. तीन हजार फेऱ्यांवर सेकंदाला शंभर! ठिणग्यांवरून मीटर फेऱ्यांचा अंदाज बांधतो. मग तो मोटारसायकलसाठी बनवलेला असेल आणि फेऱ्याला एकच ठिणगी धरून चालत असेल तर? हजाराचे दोन हजार होणारच. मीटर अगदी प्रामाणिक आहे, फक्त हिशेब दुसऱ्या इंजिनाचा करतोय.

आता त्या तारेवर नेमकं काय येतं ते पाहू. बॅटरी १२ व्होल्टची. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून तीन-चार अँपिअर वीज वाहते आणि कॉइलच्या गाभ्यात चुंबकत्व साठतं. पॉइंट उघडतात, अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, आणि वीज तुटते. साठलेलं चुंबकत्व एकदम कोसळतं. १२ व्होल्टच्या त्याच तारेवर क्षणभर दोन-तीनशे व्होल्ट उसळतात, आणि कॉइलच्या दुसऱ्या गुंडाळीत पंधरा-वीस हजार! त्यावर ठिणगी उडते. मीटर ऐकतो तो हा दोन-तीनशे व्होल्टचा धक्का. प्रत्येक धक्क्याला तो काट्याकडे विजेचा एक ठरावीक, नेहमी सारखाच घोट सोडतो. काटा इतका सुस्त की एकेका घोटाला हलूच शकत नाही. साऱ्यांची सरासरी जिथे पडते तिथे तो ठरतो. मोजणारं आत कोणी नाहीच. काट्याचा आळसच गणित करतो! मला ही युक्ती आजच्या डिजिटल आकड्यांपेक्षा जास्त देखणी वाटते.

पण देवळातल्या घंटेला एक टोला दिला तरी नाद बराच वेळ लहरत राहतो, तसंच कॉइलचं होतं. कॉइल आणि पॉइंटना जोडलेला कंडेन्सर यांच्यात ऊर्जा पुढे-मागे हेलकावत राहते, आणि एका उघडझापीमागे लहान-मोठ्या लाटांची रांग उठते. म्हणून चांगला मीटर पहिल्या धक्क्यानंतर काही क्षण मुद्दाम कान बंद करून घेतो. कंडेन्सर थकला, पॉइंट जळून खडबडीत झाले, त्यांची स्प्रिंग ढिली पडून ते मिटताना उडी मारू लागले, की भलत्या वेळी जादा धक्के येतात. एकाच टोल्याचे दोन मोजले जातात.

तेव्हा आकडा किती चुकला यापेक्षा कसा चुकला, हे बघावं. प्रत्येक वेगाला बरोब्बर एकाच पटीत चूक? मीटरची जुळणी चुकलीय. काहींच्या पाठीमागे ४-६-८ सिलिंडरचा खटका असतो, तो आधी पाहावा. काटा थरथरतो, रेस वाढवली की उड्या मारतो? कंडेन्सर, पॉइंट, अर्थिंगची तार. बॅटरीचं चार्जिंग वाढलं की आकडाही फुगतो? मीटरच्या आतला व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग गेलाय.

पण खरे फेरे किती, हे सांगणार कोण? त्यासाठी नवं यंत्र आणायची गरजच नाही! चोकची जुनी ट्यूबलाइट छताला लटकत असेल तर तीच पंच. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा आवर्तन पुरं करते, आणि प्रत्येक आवर्तनात ट्यूब दोनदा मंदावते. म्हणजे सेकंदाला शंभर लुकलुकी. डोळ्यांना मात्र उजेड अखंड वाटतो. इंजिन बंद असताना पुढच्या क्रँक पुलीवर खडूची एक रेघ ओढा. बाहेरचा उजेड अडवा, इंजिन सुरू करा आणि रेस हळूहळू चढवत न्या. हजार फेऱ्यांवर रेघ लुकलुकीगणिक ६० अंश पुढे गेलेली असते, म्हणून एका रेघेच्या सहा रेघा होऊन त्या जागच्या जागी थांबलेल्या दिसतात! १२०० ला पाच. १५०० ला चार, म्हणजे स्वच्छ अधिकचं चिन्ह. दोन हजाराला तीन. तीन हजाराला समोरासमोर दोन.

काटा दोन हजार म्हणतोय आणि पुलीवर सहा रेघा उभ्या आहेत? निकाल लागला. कान खरा.

बारकावाही किती! चार रेघांचं चिन्ह मिनिटभरात एक पूर्ण फेरी पुढे सरकलं, तर इंजिन १५०० नव्हे, १५०१ फेऱ्यांवर आहे. जुनं इंजिन इतकं स्थिर राहत नाही, पण ट्यूबलाइटची मोजपट्टी तेवढी बारीक आहे. एक मात्र जिवाभावाने सांगतो: याच उजेडात फिरता पंखाही थांबल्यासारखा दिसू शकतो. हात लांब ठेवा. लेथ चालणाऱ्या कारखान्यांत ट्यूबलाइटच्या जोडणीत यासाठी खास काळजी घ्यावी लागते.

आणि ही मोजपट्टी इतकी खरी का? दक्षिणेची ग्रिड एके काळी उर्वरित देशापासून वेगळी, आपल्याच तालावर चालायची. ३१ डिसेंबर २०१३ ला ७६५ किलोव्होल्टची रायचूर-सोलापूर लाइन जोडली गेली आणि साऱ्या देशाची वीज एका ठेक्यात आली. रेल्वेने सोलापूरहून रायचूरला जाताना मध्ये कलबुर्गी लागतं. देश जोडणारा हा सांधा म्हणजे आपल्याच मुलखातला! नियमाने हा ठेका सेकंदाला ४९.९० ते ५०.०५ आवर्तनांच्या दरम्यान ठेवायचा असतो. ०.१ ची घट झाली तरी तीन हजारांत सहाच फेऱ्यांची चूक. रायचूरजवळ शक्तिनगरच्या औष्णिक केंद्रातली टर्बाइनं फिरतात मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी. पद्मिनीच्या पुलीवर दोन रेघा स्थिर झाल्या, की कुर्ल्याचं हे जुनं इंजिन आणि ती अजस्र टर्बाइनं त्या घटकेला एकाच वेगाने फिरत असतात.

आणि ट्यूबलाइटने काट्याचीच बाजू घेतली तर? म्हणजे स्लोवर असूनही पुलीवर खरोखर तीनच रेघा? मग मीटरला हात लावू नका, इंजिनच पळतंय. चोक अडकलाय का, अॅक्सिलरेटरची केबल पूर्ण परत येते का, ते पाहा. तरी उत्तर मिळालं नाही, तर कार्ब्युरेटरच्या बुडाच्या गॅस्केटमधून जादा हवा आत जातेय का ते तपासा.