गवताचं छप्पर, विटांच्या भिंती

इंग्लंडमध्ये लिंकनशर परगण्याच्या उत्तरेला आइल ऑफ अ‍ॅक्सहोम नावाचा उंचवटा आहे. एके काळी त्याच्या चहूबाजूंनी दलदल होती. तिथल्या एपवर्थ गावातली विटांची जुनी रेक्टरी पाहायला जगभरातून मेथडिस्ट पंथाची माणसं येतात. पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली आणि त्यांचे भजनकार भाऊ चार्ल्स इथले. पण 1703 मध्ये जॉन जन्मले ते घर हे नव्हे. ते जळालं. आजचं घर असं का आहे, याचं बरंचसं उत्तर त्या आगीत सापडतं.

रेक्टरी म्हणजे गावच्या धर्मगुरूला हुद्द्याबरोबर मिळणारं घर. रेक्टरला पिकाचा, म्हणजे धान्याचा आणि गवताचा, दशमांश मिळे. व्हिकर या धर्मगुरूच्या वाट्याला बहुधा किरकोळ उत्पन्नाचा हिस्सा येई. शिवाय रेक्टरला कसायला चर्चची जमीन. त्यामुळे रेक्टरी हे निम्मं शेतकऱ्याचंच घर असे. एपवर्थच्या जुन्या रेक्टरीचं वर्णन 17व्या शतकातल्या चर्चच्या मालमत्तेच्या नोंदीत आहे: पाच खण, लाकूड आणि गिलाव्याच्या भिंती, वर गवताचं छप्पर, तीन मजले, मुख्य खोल्या सात.

म्हणजे सांगाडा लाकडाचा, आणि खांबांच्या मधली जागा काठ्या विणून, वर माती लिंपून भरलेली. कोकणातल्या कुडाच्या भिंतीचंच तंत्र. अशा घरात सगळंच सारखं पेटत नाही. माती जळत नाही. ओकची जाड तुळई पृष्ठभागावर कोळसा होऊन मिनिटाला साधारण अर्धा मिलिमीटर आत जळते. तो कोळसाच आतल्या लाकडाला काही काळ सांभाळतो. धोका बारीक गोष्टींचा. वाळलेल्या काडीला वजनाच्या मानाने पृष्ठभाग फार आणि आतबाहेर हवा खेळती, त्यामुळे एका ठिणगीने काम भागतं. त्यात मधला लाकडी जिना. तप्त वायू वर धावतात, खालून ताजी हवा ओढून घेतात, आणि सुटकेची वाटच धुराडं होऊन बसते.

9 फेब्रुवारी 1709 च्या रात्री हेच घडलं. छपरातून ठिणग्या मुलीच्या बिछान्यावर पडल्या. दाईने तान्ह्या चार्ल्सला उचललं, बाकीच्या मुलांना मागे यायला सांगितलं. आई सुझॅना त्या वेळी गरोदर होत्या. त्या ज्वाळांतूनच बाहेर पडल्या, हातातोंडाला पोळल्या. पाच वर्षांचा जॉन मात्र वर झोपलेलाच राहिला. वडील सॅम्युएल यांनी जिना चढायचा प्रयत्न केला, पण पेटलेल्या पायऱ्या त्यांचा भार पेलेनात. शेवटी पोरगा खिडकीशी असलेल्या पेटीवर चढला. शिडी आणायला वेळ नव्हता. एक माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर उभा राहिला आणि त्याने जॉनला ओढून घेतलं. पाठोपाठ छप्पर कोसळलं. ते आतल्या बाजूला पडलं म्हणून खालची माणसं वाचली.

आग कुणी लावली का? सॅम्युएल यांचं गावाशी पटत नव्हतं. 1705 च्या निवडणुकीत त्यांनी उघडपणे बाजू घेतली होती, आणि त्याच वर्षी कर्जापायी लिंकनच्या किल्ल्यातल्या तुरुंगातही जाऊन आले होते. संशय घेतला गेला, सिद्ध काहीच झालं नाही.

नवं घर वर्षभरात उभं राहिलं, सुमारे 400 पौंडांत. वर्षाला जेमतेम 200 पौंड मिळवणाऱ्या, आधीच कर्जात असलेल्या माणसाला ही रक्कम पेलणारी नव्हती. तरी त्यांनी वीट निवडली. 1666 च्या आगीनंतर लंडनमध्ये वीट किंवा दगड वापरणं कायद्याने बंधनकारक झालं होतं. गावोगावच्या धर्मगुरूंवर तशी सक्ती नव्हती. विटेचं बळ तिच्या जन्मातच असतं. भट्टीत ती हजार अंशांच्या आसपास भाजलेली असते, त्यामुळे घराच्या आगीत तिच्यात जळण्यासारखं काही उरलेलंच नसतं. सांध्यातला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत हळूहळू पुन्हा चुनखडी बनतो. आतले जिने, तक्तपोशी, दारं लाकडाचीच राहिली, हेही खरं. राणी अ‍ॅनच्या काळातली ही प्रमाणबद्ध वास्तू आज संरक्षित वारसा आहे.

या घराचं स्वयंपाकघर वेगळ्याच कारणाने गाजलं. 1711-12 च्या हिवाळ्यात सॅम्युएल लंडनला असताना सुझॅना तिथे घरच्यांसाठी रविवारची प्रार्थना घेऊ लागल्या, आणि ऐकायला येणारे वाढत वाढत दोनशेच्या घरात गेले. बदली धर्मगुरूने तक्रार केली, नवऱ्याने पत्रातून आक्षेप घेतला. बाईंनी उलट कळवलं की थांबवायचं असेल तर स्पष्ट हुकूम द्या. तो आला नाही.

मग डिसेंबर 1716 मध्ये आवाज सुरू झाले. ठोके, कण्हणं, जिन्यावर पावलं. मुलींनी त्या अदृश्य पाहुण्याला ‘ओल्ड जेफ्री’ नाव दिलं. राजा जॉर्जसाठी प्रार्थना सुरू झाली की ठोके जोरात होत म्हणे, म्हणजे भुतालाही राजकारण होतं! घर तेव्हा जेमतेम सात वर्षांचं होतं. त्या काळी ओक बहुधा ओलाच वापरत. तो वर्षानुवर्षं वाळतो, आक्रसतो, हिवाळ्यात शेकोटीने तापला की कडाडतो, आणि तुळयांमधून आवाज भलतीकडे पोचतो. पण वाळणारं लाकूड दाराची कडी उचलत नाही, आणि कड्या उचलल्या गेल्याचंही घरच्यांनी लिहून ठेवलं आहे. जानेवारीअखेर सगळं शांत झालं.

घरच्यांनी याबद्दल लिहिलेली पत्रं 1791 मध्ये छापली जोसेफ प्रीस्टली यांनी. 1774 मध्ये ऑक्सिजन वेगळा काढणारे तेच हे रसायनशास्त्रज्ञ. (छापली त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या दंगलखोरांनी त्यांचं राहतं घर प्रयोगशाळेसकट जाळलं.) भुताच्या गोष्टींत इतके चांगले पुरावे असलेली दुसरी गोष्ट नाही, असं त्यांचं मत; तरीही नोकरांनी शेजाऱ्यांच्या मदतीने केलेली ही मस्करी असावी, असा त्यांचा कयास. जॉन वेस्लींना तो पटणारा नव्हता. 1760 मध्ये विजेच्या औषधी उपयोगावर पुस्तक लिहिणाऱ्या या माणसाने 1784 मध्ये आपल्या मासिकात जेफ्रीची हकिकत खरी म्हणूनच छापली होती. आता संग्रहालय झालेल्या या घरात पोटमाळ्यावरची खोली आजही जेफ्रीच्याच नावाने दाखवतात.