माकुलाच्या कातडीतली रंगपेटी

अंगावर एकही ठिपका नाही, डोळेसुद्धा बिनरंगाचे! अमेरिकेतल्या वुड्स होल इथल्या मरीन बायोलॉजिकल लॅबोरेटरीने 2020 साली अशी माकुलाची पिल्लं जगापुढे आणली. शास्त्रज्ञांनी त्यांच्यातलं एकच जनुक बंद पाडलं होतं. म्हणायला सोपं; पण माकुलाच्या अंड्याचं आवरण इतकं चिवट, की ते कापायला खास सूक्ष्म कात्री बनवावी लागली.

हे जनुक ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून रंगद्रव्य बनवण्याची पहिली पायरी सांभाळतं. त्यातून तयार होणाऱ्या द्रव्यांना ओमोक्रोम म्हणतात; कीटकांच्या डोळ्यांतही तीच असतात. माकुलाची सगळी पुंजी त्यांचीच: पिवळा, तांबडा, तपकिरी. निळा नाही, हिरवा नाही.

हे रंग कातडीतल्या इवल्याशा लवचीक पिशव्यांत भरलेले असतात. प्रत्येक पिशवीला चहूबाजूंनी डझन-दोन डझन स्नायू जोडलेले. मेंदूकडून संदेश आला की स्नायू आखडतात, पिशवी ताणली जाऊन चकती होते आणि रंग पसरतो. स्नायू सैल पडले की पुन्हा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. सरडा रंग बदलतो तो बराचसा सावकाश. इथे मात्र थेट नसांचा कारभार, त्यामुळे सेकंदाच्या आत काम फत्ते. कोकणात नुकतंच जाळ्यातून काढलेलं माकुल नीट पाहिलं, तर मेल्यानंतरही काही वेळ हे ठिपके उघडमीट करताना दिसतात.

मग अंगावरची निळी-हिरवी झळाळी येते कुठून? ती रंगद्रव्याची नव्हेच. ठिपक्यांच्या खालच्या पेशींत रिफ्लेक्टिन नावाच्या प्रथिनाचे पातळ थर असतात आणि साबणाच्या फुग्यावर रंग उमटतात तसे त्यांच्यावरून परतणाऱ्या प्रकाशातून रंग दिसतात. काही माकुलांत हे थरही नसांच्या ताब्यात असतात. अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन पोहोचलं की प्रथिनं दाटतात, थरांतलं पाणी बाहेर जातं, थर पातळ होतात आणि तांबूस झाक निळ्याकडे सरकते. हा बदल ठिपक्यांइतका चपळ नसतो.

गंमत अशी की एवढा रंगांचा संसार मांडणारी बहुतेक माकुलं स्वतः रंगांधळी असतात. त्यांच्या डोळ्यांत प्रकाश टिपणारं द्रव्य एकाच प्रकारचं. जपानच्या समुद्रात चमकणारं होतारू-इका नावाचं छोटं माकुल मात्र याला अपवाद: त्याच्याकडे अशी तीन द्रव्यं आहेत.